‘एबलिझम’ला मराठीत काय म्हणायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या एका लेखात ‘एबलिस्ट मानसिकता’ असे शब्द आले होते. त्यांचा अर्थ तिथे दिला नव्हता, ती चूक आमची. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना प्रतिशब्द हवा आहे, काहींना वाद घालायचा आहे, आणि दोघा-तिघांना शब्दापेक्षा तक्रार कुठे करायची हे हवं आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

एबलिझम म्हणजे नेमकं काय? भाषांतरात मी ‘सक्षमतावाद’ लिहिलं तर चालेल का? (मुद्रितशोधक, नाशिक)

मूल जन्मलं की आपल्याकडे विचारतात, ‘हातीपायी धड आहे ना?’ या प्रश्नात काळजी असते, पण एक मोजपट्टीही असते. धड शरीर आणि तल्लख बुद्धी हा माणसाचा मूळ नमुना, बाकीचे त्यातून उणे झालेले. असं धरून चालणं, आणि त्यावरून एखाद्याला कमी लेखणं, वगळणं किंवा त्याची कीव करणं, म्हणजे एबलिझम.

इंग्रजीत हा शब्द १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दिसतो. रेसिझम आणि सेक्सिझम तोवर रुळले होते, त्याच साच्यातून हाही निघाला. ब्रिटनमध्ये ‘डिसएबलिझम’ अधिक चालतो. काही अभ्यासक दोन्हींत फरक करतात: अपंग व्यक्तीला दिलेली वाईट वागणूक म्हणजे डिसएबलिझम, आणि ती वागणूक स्वाभाविक वाटायला लावणारी मोजपट्टी म्हणजे एबलिझम. फरक उपयोगी आहे, पण रोजच्या लिखाणात तो पाळायचा आग्रह धरू नये.

आता ‘सक्षमतावाद’. यातल्या ‘वाद’ने अडत नाही, कारण जातीयवाद, प्रांतवाद हे शब्द आपण वाईट अर्थानेच वापरतो. अडचण ‘सक्षम’मध्ये आहे. महिला सक्षमीकरण, सक्षम ग्रामपंचायत, सक्षम अधिकारी असं वाचून वाचून तो शब्द आपल्या कानाला कौतुकाचा झाला आहे. ‘तो सक्षमतावादी आहे’ हे वाक्य संदर्भाशिवाय ठेवून पाहा. निम्मे वाचक त्या माणसाची स्तुती चालली आहे असं समजतील. वर्णभेद, लिंगभेद, जातिभेद यांच्या रांगेत ‘क्षमताभेद’ जास्त नीट बसतो. तो अजून रुळलेला नाही, म्हणून आमची सूचना अशी: पहिल्यांदा ‘एबलिझम, म्हणजे अपंगत्वावरून केलेला क्षमताभेद’ असं एकदा फोडून सांगा, मग पुढे दोन्हींपैकी एकच शब्द शेवटपर्यंत ठेवा. एकाच लेखात तीन प्रतिशब्द आले की वाचकाला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

लेखन: टुरिझम, सोशलिझमप्रमाणे ‘एबलिझम’, पुल्लिंगी, विशेषण ‘एबलिस्ट’. विभक्ती लागताना रूप बदलत नाही: एबलिझमचा, एबलिझममुळे. आमच्याकडे आलेल्या मजकुरात सर्वांत जास्त दिसलेली चूक म्हणजे ‘एबलिझम असलेली मुलं’. लेखकाला ‘अपंगत्व असलेली मुलं’ म्हणायचं होतं. एबलिझम त्या मुलांमध्ये नसतो, त्यांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळेत असतो.

आमच्या इमारतीत तीन पायऱ्यांना दीड मीटर लांबीचा रॅम्प आम्ही स्वखर्चाने केला. तरी एका सभासदाने भेदभावाचा आरोप केला. आमचा हेतू वाईट नव्हता. मग हा एबलिझम कसा? (गृहनिर्माण संस्थेचे सचिव, डोंबिवली)

हेतूचा मुद्दा आधी मिटवू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २ मधली भेदभावाची व्याख्या ‘उद्देश किंवा परिणाम’ असं म्हणते. म्हणजे मनात काही नसलं, पण परिणाम वगळण्याचा झाला, तर तोही भेदभाव. वाजवी सोय, म्हणजे त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने वावरता यावं म्हणून केलेला गरजेपुरता बदल, नाकारणं हेही त्याच व्याख्येत येतं.

आता रॅम्पकडे. एक पायरी साधारण १५ सेंटीमीटरची धरली तर तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटीमीटर. चढाचं रूढ प्रमाण १ ला १२, म्हणजे १ सेंटीमीटर उंचीला १२ सेंटीमीटर लांबी. ४५ गुणिले १२ म्हणजे ५४० सेंटीमीटर. तुम्हाला ५ मीटर ४० सेंटीमीटर लांबी हवी होती, तुम्ही दीड मीटर दिली. चढ १ ला ३.३ झाला, सुमारे १७ अंशांचा. हवा होता ५ अंशांच्या आत. एवढ्या चढावर स्वतःची व्हीलचेअर स्वतः ढकलणारा माणूस वर जाऊच शकत नाही. जोर लावला तर पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडते. उतरताना तर ब्रेक म्हणून तळहातच घासले जातात. तुम्ही बांधलेला रॅम्प स्कूटर चढवायचा आहे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ इमारतींत तोच असतो आणि वाहनं लागतातही त्याच्याच तोंडाशी.

जागा कमी असेल तर रॅम्प सरळ न काढता मध्ये वळवून दोन टप्प्यांत काढता येतो. वळणावर खुर्ची फिरेल इतकी, म्हणजे दीड मीटर बाय दीड मीटर, सपाट जागा ठेवायची. रुंदी किमान १२० सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चाक घसरू नये म्हणून बोटभर उंचीची कड. वर चकचकीत ग्रॅनाइट लावू नका, पावसाळ्यात त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. आणि लिफ्ट पहा. जुन्या इमारतींत ती अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. तसं असेल तर खालचा रॅम्प कितीही नीट असला तरी उपयोगाचा नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र खरोखर एबलिस्ट आहे: ‘एका माणसासाठी एवढा खर्च?’ जिना बांधताना हा हिशोब कोणी केला नव्हता. जिना इमारतीत धरला जातो आणि रॅम्प ‘सोय’ म्हणून वेगळा मोजला जातो. मोजपट्टी म्हणतो ती हीच.

‘दिव्यांग’ म्हणावं की ‘अपंग’? आणि ‘दिव्यांग’ हाच एबलिस्ट आहे असं काही जण का म्हणतात? (महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर)

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ सुचवला आणि पुढे तो सरकारी कागदांत आला. राज्यातही ‘अपंग कल्याण’चं ‘दिव्यांग कल्याण’ झालं. आक्षेप असा की दिव्य म्हणजे देवाचं. ज्याला बसमध्ये चढता येत नाही त्याला दैवी म्हटल्याने बस बदलत नाही, उलट ती खास माणसं आहेत असं म्हणून प्रश्न बाजूला पडतो. कीव आणि देवपण, दोन्हींत माणूस बरोबरीचा राहत नाही. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही भारताच्या अहवालावरच्या निरीक्षणांत हा शब्द वादग्रस्त असल्याचं नोंदवलं. दुसरीकडे, ‘दिव्यांग’ म्हटल्यावर पहिल्यांदा कोणीतरी नीट बोललं, असं सांगणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या अनुभवावर व्युत्पत्तीचा बोळा फिरवायचं कारण नाही.

व्यवहारात: अर्ज, कायदा, योजना यांत ‘दिव्यांग’ लिहा, कारण नोंदी त्या नावाने आहेत. लेखात ‘अपंग व्यक्ती’ चालतं. व्यक्तीबद्दल लिहिताना तिला विचारा. जमेल तिथे नेमकं लिहा: अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, व्हीलचेअर वापरणारे. ‘मूकबधिर’ टाळा, कारण बहुतेक कर्णबधिरांच्या गळ्यात, जिभेत दोष नसतो, आणि सांकेतिक भाषेत बोलणारा माणूस मुका नव्हेच. ‘मतिमंद’ आता शिवी झाला आहे. ‘बौद्धिक अपंगत्व असलेली’ लिहा. आणि ‘व्हीलचेअरला जखडलेला’ लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ती खुर्ची काढून घेतली तर तो माणूस खरोखर जखडला जाईल.

मी पाचवीला मराठी शिकवते. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ किंवा ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ या म्हणी शिकवायच्या नाहीत का? (शिक्षिका, कराड)

शिकवा. म्हणी पुसल्या तर जुना मजकूर मुलांना कळणारच नाही. म्हण कळणं वेगळं आणि आज स्वतःच्या वाक्यात ती घालणं वेगळं, हा फरक वर्गात सांगता येतो, पाचवीची मुलं तो पकडतात.

स्वतः लिहिताना मात्र एक कसोटी लावून पाहा: अपंगत्वाचा शब्द इथे दोषाच्या जागी उभा आहे का? ‘बहिरं सरकार’ घ्या. बहिऱ्या माणसाला ऐकू येत नाही, सरकारला ऐकू येऊन ऐकायचं नसतं. उपमा अपमानकारक आहे हा एक भाग झाला, पण ती चुकीचीही आहे. ऐकून न ऐकल्यासारखं करणारं सरकार म्हणा, आरोप जास्त धारदार होतो. ‘आंधळा विश्वास’पेक्षा ‘डोळे मिटून ठेवलेला विश्वास’ खरा, कारण डोळे मिटणं ही डोळसाची निवड आहे. ‘लंगडी सबब’ला ‘पोकळ सबब’ आहेच. लंगड्या गाईऐवजी ‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हटलं की अर्थ तोच, आणि वर्गात पायात आधाराचा कॅलिपर घातलेला मुलगा असेल तर सगळ्या माना त्याच्याकडे वळत नाहीत. आंधळ्या दळणाऱ्या बाईला मात्र तोडीस तोड पर्याय आम्हाला सापडला नाही. ‘कुंपणच शेत खातं’ जवळची वाटते, पण तिथे राखणदारच चोर असतो, इथे राखणच नाही. सापडला तर कळवा.

याचा अतिरेकही होतो. लंगडी हा खेळ आहे, एका पायावर उड्या मारायच्या असतात म्हणून ते नाव, त्यात कोणाला हिणवलेलं नाही. ‘अंधश्रद्धा’ बदलायची मोहीम काढावी असंही आम्हाला वाटत नाही. आधी वर्गातली ‘ए चकण्या’, ‘ए तोतऱ्या’ ही हाक थांबवू, एरंड आणि गाय नंतर.

विनोदाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात चित्रपटांच्या संदर्भात एक भेद केला आहे: अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद निराळा, आणि अपंगांना हिणवणारा विनोद निराळा. शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाटुकली तपासायलाही तो उपयोगी पडेल.

माझे पती ४६ वर्षांचे आहेत, सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवरचा ताबा कमी असणं) त्यांचं बोलणं अस्पष्ट आहे. दुकानात, दवाखान्यात लोक मला विचारतात, ‘ह्याला काय होतंय?’ यालाही हा शब्द लागू होतो? (वाचक, सांगली)

पूर्णपणे. आणि मराठीत तो इंग्रजीपेक्षा लवकर पकडता येतो, कारण आपल्याकडे आदराची वेगळी सर्वनामं आहेत. ४६ वर्षांच्या अनोळखी गृहस्थांना मराठी माणूस ‘अहो’ म्हणतो. तेच गृहस्थ अडखळत बोलले की क्षणात ‘तू’ होतात, समोर असून ‘हा’ होतात. अंध भजनी बुवांना ‘आंधळा छान गातो’ म्हणतात, पण डोळस बुवांना एकवचनात कोणी आणत नाही. इंग्रजीत ‘यू’च्या पोटात हे सगळं लपतं.

समोरच्यांनी काय करावं ते सांगतो. प्रश्न त्याच माणसाला विचारायचा, सोबतच्याला नाही. बोलणं कळलं नाही तर कळल्यासारखी मान हलवायची नाही, ‘पुन्हा सांगता का?’ विचारायचं. दोनदा विचारूनही नाही कळलं तर ‘हो-नाहीत सांगता येईल असं विचारू का?’ किंवा लिहून, मोबाइलवर टाइप करून. वाक्य त्यांच्याऐवजी पूर्ण करायचं नाही. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना तोंड उजेडात आणि समोर हवं. ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो आणि कळणं आणखी कठीण होतं. अंध व्यक्तीचा हात किंवा काठी धरून ओढायची नाही. ‘मदत हवी का?’ विचारून आपलं कोपर पुढे करायचं, ती व्यक्ती कोपराच्या वर धरते आणि अर्धं पाऊल मागून चालते, त्यामुळे पायरी तिला तुमच्या हालचालीतून आधी कळते. निघताना ‘मी निघतो’ म्हणायचं, नाहीतर ती रिकाम्या हवेशी बोलत राहते. व्हीलचेअरचे दांडे न विचारता धरणं म्हणजे परक्या माणसाला न विचारता उचलणं.

तुमच्याकरता एकच: लोक तुम्हाला विचारतील तेव्हा उत्तर देऊ नका. ‘त्यांनाच विचारा, ते सांगतील’ म्हणा आणि थांबा. पहिले काही सेकंद अवघडलेले जातात, जाऊ द्या.

मग कौतुकही करायचं नाही का? (वाचक, ठाणे)

करा, पण कामाचं. अपंग मुलीने सीए केलं तर ते कौतुकाचंच आहे. ती एकटी लोकलने कामावर जाते म्हणून ‘किती हिंमत!’ म्हणणं निराळं. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार स्टेला यंग यांनी २०१४ मधल्या एका गाजलेल्या भाषणात हेच मांडलं: धडधाकट लोकांना स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून आम्हाला प्रेरणेच्या वस्तू करू नका.

माझ्या मुलीला लिहायला त्रास होतो. तिचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचं आहे. परीक्षेत जादा वेळ मागितला तर ‘४० टक्के हवेत’ म्हणतात, आणि बाकीचे पालक म्हणतात हा इतरांवर अन्याय. (पालक, छत्रपती संभाजीनगर)

‘किती टक्के?’ हा आपल्याकडे अपंग माणसाला विचारला जाणारा पहिला प्रश्न आहे, नावाच्याही आधीचा. त्या टक्क्यांचा अर्थ मर्यादित आहे. कायद्यात ४० टक्क्यांची अट ठरावीक लाभांना आहे: सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के आरक्षण, अशा. भेदभाव न होण्याच्या आणि वाजवी सोय मिळण्याच्या हक्काला ४० ची अट नाही. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं. तिथे लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांचं अपंगत्व नाही म्हणून लेखनिक नाकारला होता, न्यायालयाने ते चूक ठरवलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यासाठी लिहिण्यातली अडचण सांगणारं ठरावीक नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. टक्क्यांचं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही, आणि अर्ज इथेच अडकू शकतात. परीक्षेच्या तारखेआधी किमान दोन महिने लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

जादा वेळ ताशी किमान २० मिनिटं असतो, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. इतर पालकांना सांगा की तिच्यासाठी पेपर सोपा केलेला नाही. परीक्षा इतिहासाची आहे, हात किती वेगाने चालतो याची नाही. वेगच तपासायचा असेल, उदाहरणार्थ टंकलेखनाच्या परीक्षेत, तर हा युक्तिवाद तसाच चालणार नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावं.

कार्यालयात साहेब सर्वांसमोर नक्कल करून हसतात. तक्रारीत ‘एबलिझम’ लिहू का? (सरकारी कर्मचारी, अमरावती)

नको. तो शब्द लेखात, चर्चेत चालतो, पण कायद्यात नाही. तक्रारीत ‘अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव’ आणि ‘हेतुपुरस्सर अपमान’ हे शब्द घाला, कारण त्यांना वर सांगितलेल्या २०१६ च्या अधिनियमात कलमं आहेत. भेदभावाला कलम ३. लोकांच्या देखत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणं हा कलम ९२ खाली गुन्हा आहे: किमान ६ महिने, कमाल ५ वर्षं कैद आणि दंड.

विशेषणं कमी, तपशील जास्त. ‘साहेबांची मानसिकता वाईट आहे’ या वाक्यावर चौकशी होत नाही. तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, हजर असलेल्यांची नावं, त्याचा कामावर झालेला परिणाम आणि शेवटी नेमकी मागणी, एवढं एका पानात बसवा. प्रत्येक प्रसंग घडल्या दिवशीच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या तारखा चुकतात आणि तेवढ्यावर सगळी तक्रार खोटी पाडली जाते.

सरकारी कार्यालयात कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. तक्रार त्याच्या नोंदवहीत चढवून क्रमांक घ्या, नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. राज्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि शिफारस मानली नाही तर त्याची कारणं द्यायची असतात. साहेबच तक्रार निवारण अधिकारी असतील तर तसं अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा आणि प्रत त्यांच्या वरिष्ठांना द्या.